सिस्टिम अपडेटनंतर ड्रायव्हर अपडेटचे टूल अडकते, तेव्हा नेमके काय तुटलेले असते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज 11 चे मोठे अपडेट बसल्यापासून लॅपटॉपवरील ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) अपडेट करणारे टूल उघडते, 'उपकरणे तपासत आहे' असे दाखवते आणि तिथेच थांबते. प्रश्नकर्त्यांनी ते दोनदा काढून पुन्हा बसवले, तरी फरक पडलेला नाही. आवाज, वायफाय आणि स्क्रीन व्यवस्थित चालू आहेत. अशा वेळी विंडोजचे अपडेटच काढून टाकावे का, असे त्यांनी विचारले आहे.

अपडेट काढू नका, हे आधीच सांगतो. मी बरीच वर्षे संगणकांच्या देखभालीचे काम करतो आणि या तक्रारीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले मला नेहमी दिसतात. संगणकातील ड्रायव्हर ठीक आहेत का, हा पहिला. ते तपासणारे टूल का चालत नाही, हा दुसरा. टूल बंद पडले म्हणून ड्रायव्हर बिघडले असे होत नाही, कारण ड्रायव्हर विंडोजच्या स्वतःच्या साठ्यात असतात आणि टूल नसले तरी काम करत राहतात. तुमचा आवाज आणि वायफाय चालू आहेत, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी मिळालेले आहे. खात्रीसाठी डिव्हाइस मॅनेजर ही विंडोजमधील उपकरणांची यादी उघडून कुठे पिवळे त्रिकोणी चिन्ह आहे का ते पाहा. तसे चिन्ह कुठेच नसेल, तर घाईचे काही कारण नाही. सुरक्षेचे अपडेट काढून संगणक उघडा टाकण्याचे तर मुळीच नाही.

आता टूलकडे वळू. येथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. टूल लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे आहे, चिप बनवणाऱ्या कंपनीचे आहे की तिसऱ्याच कोणाचे, यावर बरेच ठरते. अपडेट कोणते होते यावरही ठरते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे सुरक्षा अपडेट काही मोजक्या फायली बदलते. आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट मात्र अनेकदा संपूर्ण विंडोज नव्याने बसवते, जुने विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये सरकवते आणि तुमचे प्रोग्राम, सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) व सेटिंग त्यातून उचलून नव्यात आणते. या उचलाउचलीत काही गोष्टी मागे राहतात. तिसरी बाब म्हणजे संगणक कार्यालयाचा असेल, तर व्यवस्थापकाने धोरण लावून टूल मुद्दाम रोखलेले असू शकते आणि तेव्हा पुढचे सारे प्रयत्न व्यर्थ ठरतात. अशा वेळी आधी त्यांनाच विचारावे.

ड्रायव्हर अपडेटचे टूल आपल्याला एका खिडकीएवढे दिसते, पण त्याचे चार-पाच भाग एकमेकांवर विसंबून असतात. दिसणारी खिडकी बहुधा डॉटनेटवर, म्हणजे प्रोग्राम चालवण्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या पायाभूत सॉफ्टवेअरवर, चालते. तिच्या मागे एक सर्व्हिस असते, जी प्रशासकाच्या अधिकाराने काम करते. ती सर्व्हिस डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहितीभांडारातून उपकरणांची यादी मागते. काही टूल हार्डवेअरची खोलवर माहिती वाचण्यासाठी स्वतःचा एक छोटा ड्रायव्हरही बसवतात. शेवटी मिळालेली यादी घेऊन टूल कंपनीच्या सर्व्हरशी बोलते. अपडेटमुळे हे सगळे एकाच वेळी सहसा तुटत नाही. एक दुवा तुटतो आणि खिडकी मात्र प्रत्येक वेळी तेच जुजबी वाक्य दाखवत राहते. कोणता दुवा तुटला हे शोधणे हेच खरे काम आहे. ते न करता टूल पुन्हा पुन्हा बसवणे म्हणजे ताप का आला ते न पाहता पांघरूण बदलत राहणे.

सुरुवात साध्या गोष्टीपासून करा. संगणक 'शट डाउन' करून पुन्हा चालू करू नका, 'रीस्टार्ट' करा. यामागे कारण आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलते; रीस्टार्टमध्ये मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. अर्धवट राहिलेली अपडेटे रीस्टार्टनेच पूर्ण होतात. ती पूर्ण झाली नसतील तर टूलच्या इन्स्टॉलरला 'दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे' अशा अर्थाची 1618 क्रमांकाची चूकही मिळू शकते. रीस्टार्टनंतर विंडोज अपडेटच्या पानावर काही प्रलंबित नाही ना ते पाहा आणि मग दहा-पंधरा मिनिटे संगणकाला त्याचे काम करू द्या.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घटनांच्या नोंदी दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा. लोक ही खिडकी पाहून बिचकतात, कारण निरोगी संगणकातही तिथे लाल चिन्हांची रांग लागलेली असते. ती सगळी वाचायची नाही. घड्याळ पाहून टूल सुरू करा, ते अडकू द्या आणि मग फक्त त्या दोन-तीन मिनिटांतील नोंदी वाचा. 'अॅप्लिकेशन' या भागात 1000 क्रमांकाची नोंद असेल तर प्रोग्राम कोसळला आहे आणि कोणत्या फायलीमुळे कोसळला तिचे नावही तिथेच लिहिलेले असते. तिच्यासोबत डॉटनेट रनटाइमची 1026 क्रमांकाची नोंद असेल तर दोष खिडकीच्या भागात आहे. 'सिस्टिम' या भागात 7000 किंवा 7009 क्रमांक दिसला तर सर्व्हिस सुरूच झालेली नाही. 7031 किंवा 7034 दिसला तर सुरू होऊन अचानक बंद पडली आहे. या एका तपासणीने निम्मे काम होते. आकडे नकोसे वाटत असतील तर 'रिलायबिलिटी मॉनिटर' हीच माहिती दिवसवार मांडते आणि अपडेट कोणत्या दिवशी बसले व टूल कधीपासून कोसळू लागले हे शेजारी-शेजारी दिसते.

7009 या क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण मोठ्या अपडेटनंतर तो मला वारंवार भेटलेला आहे. विंडोज प्रत्येक सर्व्हिसला सुरू झाल्याचे कळवण्यासाठी 30000 मिलिसेकंद, म्हणजे अर्धा मिनिट देते. मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या काही सुरुवातींत डिस्कवर फार ताण असतो: शोधाची अनुक्रमणिका नव्याने बनत असते, विषाणूरोधक सगळ्या फायली पुन्हा तपासत असतो. जुन्या, फिरत्या डिस्कच्या संगणकात टूलच्या सर्व्हिसला ते अर्धे मिनिट पुरत नाही आणि विंडोज तिचा नाद सोडते. वापरकर्ता टूल उघडतो, खिडकी सर्व्हिसची वाट पाहत बसते आणि आपल्याला दिसते ते न हलणारे 'तपासत आहे'. उपाय अगदी साधा आहे. सर्व्हिसेसच्या यादीत टूलची सर्व्हिस शोधून तिचा सुरुवातीचा प्रकार 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' असा करावा आणि एकदा ती हाताने सुरू करून पाहावी. हाताने लगेच सुरू झाली, तर दोष केवळ वेळेचा होता. 'डिसेबल्ड' अशी दिसली, तर अपडेटने किंवा एखाद्या 'संगणक वेगवान करणाऱ्या' प्रोग्रामने ती बंद केलेली आहे.

सर्व्हिस चालू असूनही तपासणी शून्यावरच अडकत असेल, तर माझा संशय डब्ल्यूएमआयवर जातो. ते तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विंडोजमधलेच 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडणे, कारण तेही हीच माहिती त्याच भांडारातून घेते. तिथे संगणकाचे मॉडेल, प्रोसेसर, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) आवृत्ती नीट दिसली तर भांडार ठीक आहे. माहिती गोळा करता येत नाही असा संदेश आला, तर टूलचा काही दोष नाही. त्याला विचारायला कोणी उरलेलेच नाही. मग प्रशासकाच्या अधिकाराने कमांडची खिडकी उघडून 'विनएमजीएमटी' कमांडने 'व्हेरिफाय रिपॉझिटरी' हा पर्याय चालवावा. उत्तर विसंगत आल्यास 'साल्व्हेज रिपॉझिटरी' वापरावा. भांडाराचा फोल्डरच पुसून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी लिहिलेला आढळतो. तो पाळू नये. त्याने इतर प्रोग्रामनी तिथे केलेल्या नोंदी नाहीशा होतात आणि एका अडचणीच्या जागी चार उभ्या राहतात.

याच्याशीच जोडलेले आणखी एक कारण आहे. डब्ल्यूएमआयला प्रश्न विचारण्यासाठी 'डब्ल्यूएमआयसी' नावाची एक जुनी कमांड होती. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत मुळातच बंद अवस्थेत ठेवली आणि 25एच2 वर जाताना ती काढून टाकली जाते. भांडार शाबूत असते, फक्त त्याचा एक जुना दरवाजा बंद झालेला असतो. एका कार्यालयात चाळीसेक संगणकांवर मी हे प्रत्यक्ष पाहिले. तिथले ड्रायव्हर तपासणारे टूल आधी एक छोटी स्क्रिप्ट चालवून संगणकाचे मॉडेल विचारत असे. अपडेटनंतर टूलच्या नोंदवहीत मॉडेलच्या जागी रिकामी ओळ येऊ लागली आणि टूल त्या रिकाम्या नावाचा ड्रायव्हर सर्व्हरवर शोधत बसले. आम्ही तीन दिवस नेटवर्क तपासत होतो, कारण 'सर्व्हरवर काही सापडले नाही' एवढेच खिडकी सांगत होती. ती रिकामी ओळ दिसली तेव्हा दहा मिनिटांत उलगडा झाला आणि स्क्रिप्टमधील प्रश्न पॉवरशेल या विंडोजच्या नव्या कमांड-साधनातून विचारायला लावल्यावर सगळे संगणक पुन्हा बोलू लागले. तेव्हापासून कोणत्याही टूलची स्वतःची नोंदवही वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. ती बहुधा 'प्रोग्रामडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये टूलच्या किंवा कंपनीच्या नावाने सापडते. जुन्या स्क्रिप्टवर चालणाऱ्या टूलना पॉवरशेल 2.0 काढले गेल्याचाही असाच फटका बसू शकतो.

खिडकी उघडून क्षणात नाहीशी होत असेल, तर डॉटनेट पाहा. येथे एक गैरसमज फार आढळतो. नवी डॉटनेट आवृत्ती असली की जुन्यासाठी लिहिलेले टूल चालणारच, असे लोक धरून चालतात. तसे नसते. डॉटनेट फ्रेमवर्क 3.5 ची गरज असलेल्या टूलला 4.8 पुरत नाही आणि डॉटनेट 6 साठी लिहिलेले टूल केवळ डॉटनेट 8 आहे म्हणून आपोआप त्यावर चालत नाही. 3.5 हा विंडोजमधील ऐच्छिक भाग आहे आणि मोठ्या अपडेटनंतर तो बंद झालेला मला आढळलेला आहे. 'विंडोज फीचर्स' या यादीत तो पुन्हा चालू करता येतो. डॉटनेट 6 चा आधार 12 नोव्हेंबर 2024 रोजी संपला आहे, त्यामुळे त्यावर अडून बसलेल्या टूलची नवी आवृत्ती शोधणे हाच योग्य मार्ग आहे.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे टूलचा स्वतःचा ड्रायव्हर. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कोअर आयसोलेशन' या भागात 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सोय आहे. ती चालू असताना तिच्या नियमांत न बसणारे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरू शकत नाहीत. याशिवाय धोकादायक ठरलेल्या ड्रायव्हरांची एक यादी मायक्रोसॉफ्ट बाळगते आणि ती 2022 च्या विंडोज 11 अपडेटपासून सर्वांसाठी आपसूक लागू आहे. ही यादी अद्ययावत होत राहते. त्यामुळे काल चालणारे टूल आज अडवले जाते आणि तुम्ही मात्र काहीच बदललेले नसते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि त्याखाली 'कोड इंटिग्रिटी' अशा क्रमाने गेल्यास अडवलेल्या फायलीचे नाव मिळते.

येथे मला कळकळीने सांगायचे आहे. टूल चालावे म्हणून मेमरी इंटिग्रिटी किंवा ती यादी बंद करू नका. या यादीतील ड्रायव्हर व्यवस्थित सही केलेले असतात, पण त्यांच्यात अशी त्रुटी असते की संगणकावर आलेला कोणताही घातक प्रोग्राम त्यांचा आधार घेऊन थेट गाभ्यापर्यंत पोहोचतो. ड्रायव्हर अद्ययावत ठेवण्याचा मुख्य हेतू सुरक्षा हाच असताना, त्यासाठीच्या टूलपायी कुलूप काढून ठेवणे मला कधीही पटलेले नाही. कंपनीकडे नवी आवृत्ती असेल तर ती घ्या. नसेल तर ते टूल कायमचे सोडून द्या.

तपासणी पूर्ण होऊन डाउनलोडच्या टप्प्यावर टूल अडत असेल, तर कारण नेटवर्कच्या बाजूला आहे. ब्राउझर चालतो म्हणजे टूललाही इंटरनेट मिळते, असे गृहीत धरू नये. सर्व्हिस बहुधा विंडोजची वेगळी प्रॉक्सी (इंटरनेटकडे नेणाऱ्या मधल्या सर्व्हरची) नोंद वापरते आणि तिथे जुन्या व्हीपीएनचा पत्ता राहून गेलेला असू शकतो. खूप जुनी टूल सर्व्हरशी टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या 1.0 किंवा 1.1 आवृत्तीने बोलू पाहतात. हे दोन्ही प्रकार 2021 मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवले गेले असून अनेक सर्व्हर ते स्वीकारत नाहीत. संगणकाचे घड्याळ चुकले असेल तरी सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे अवैध ठरतात. तेही एकदा पाहून घ्या.

पुन्हा बसवूनही फरक का पडला नाही, हे आता लक्षात येईल. टूल काढताना त्याची सर्व्हिस, प्रोग्रामडेटामधील साठवण आणि ड्रायव्हरच्या साठ्यातील त्याचा ड्रायव्हर बऱ्याचदा जागेवरच राहतात. शिवाय आपण डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेला जुनाच इन्स्टॉलर पुन्हा चालवतो. म्हणून आधी टूल काढा, रीस्टार्ट करा, प्रोग्रामडेटामधील त्याच्या फोल्डरचे नाव बदलून ठेवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या विंडोज आवृत्तीसाठी असलेला ताजा इन्स्टॉलर घ्या. तुमची आवृत्ती 'विनव्हर' या कमांडने कळते. विंडोजच्याच फायली बिघडल्याचा संशय असेल तर आधी 'डीआयएसएम' कमांडचा 'रिस्टोअर हेल्थ' हा पर्याय आणि नंतर 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवावे. क्रम असाच ठेवावा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेते, तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करते.

टूल पुन्हा चालू झाल्यावर बहुतेकांची दुसरी फसगत होते. समोर पंधरा-वीस 'जुन्या' ड्रायव्हरांची लाल यादी येते आणि माणूस घाबरून 'सगळे अपडेट करा' दाबतो. एकदा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या ड्रायव्हरची तारीख उघडून पाहा. तिथे 21 जून 2006 असे लिहिलेले असेल. तो ड्रायव्हर खरोखर 2006 चा नाही. दोन ड्रायव्हर अन्यथा सारखेच बसत असतील, तर विंडोज आधी तारीख आणि मग आवृत्ती पाहून निवड करते. विंडोजसोबत येणाऱ्या सर्वसाधारण ड्रायव्हरने उपकरणाच्या कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरला हटवू नये, म्हणून मायक्रोसॉफ्ट आपल्या ड्रायव्हरांवर मुद्दाम जुनी तारीख घालते. इंटेलच्या चिपसेटच्या अनेक नोंदींवर तर 18 जुलै 1968 अशी तारीख असते, जो त्या कंपनीच्या स्थापनेचा दिवस आहे, कारण तेच. केवळ तारखा पाहून ड्रायव्हर जुने ठरवणारे टूल हे जाणत नाही आणि सुरळीत चालणाऱ्या कीबोर्डला परका ड्रायव्हर सुचवते. अशी यादी दाखवणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या टूलवर मी विश्वास ठेवत नाही आणि ते बंद पडले असेल तर दुरुस्तही करत नाही. लॅपटॉप कंपनीचे टूल दुरुस्त करण्यासाठी मात्र अर्धा-एक तास देणे योग्य आहे, कारण ते तुमच्या मॉडेलवर तपासलेल्या आवृत्त्याच देते.

दरम्यान टूलशिवायही तुमचे काम अडणार नाही. विंडोज अपडेटमध्ये प्रगत पर्यायांखाली 'ऑप्शनल अपडेट्स' आहेत आणि त्यांतच ड्रायव्हरांचा वेगळा भाग दिसतो. ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक घालून थेट घेता येतात. एखादा ड्रायव्हर बसताना अडला, तर विंडोजच्या 'आयएनएफ' फोल्डरमधील 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह' ही नोंदवही त्याचे कारण ओळीनिशी सांगते.

आणि टूल चालू झाले की काहीही बसवण्याआधी आहेत ते ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. त्यासाठी 'पीएनपीयुटिल' कमांडचा 'एक्सपोर्ट ड्रायव्हर' हा पर्याय आहे आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा, कारण वायफायचाच ड्रायव्हर बिघडला तर इंटरनेटवरून काही आणता येत नाही. मग एका वेळी एकच ड्रायव्हर बसवून संगणक दिवसभर वापरून पाहा. यादीत बायोसचे अपडेट असेल तर ते सर्वांत शेवटी घ्या, चार्जर लावून घ्या आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ते आधी तात्पुरते थांबवून त्याची रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर उघडता येते ना, याची खात्री करा. बायोस बदलल्यावर संगणक ती 48 अंकी की मागू शकतो, आणि ती फक्त त्याच लॅपटॉपमध्ये साठवलेली असेल तर तिथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरत नाही.